रंजीचे चार सेकंद

“आणि ती थांबत का न्हाई?”

दस्तगीर मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा अभिनंदन मगदूमचा आवाज चढला.

“मास्तर, थांबायचं नाही हेच तर काम आहे. इथे कुणीच थांबत नाही.”

“मी कुणाचं इचारलं? रंजीचं इचारतोय.”

अभिनंदनने मान फिरवली.

मी मास्तरांच्या मागे दोन पावलांवर उभा होतो. मला इतका राग आला होता की पायातली चप्पल काढून हातात घ्यावी असं वाटत होतं. ते मी केलं नाही. जे झालं ते सांगतो.

जागा सांगलीतलीच, एक जुनं हळदीचं गोदाम. रविवारची दुपार, बाहेर रणरणतं ऊन, आणि आत काळोख, कारण खिडक्यांना काळे कागद लावलेले. छपरापासून जमिनीपर्यंत मलमलीचे शे-दीडशे पडदे सोडलेले आणि प्रत्येक पडद्यावर उजेडाचा एक चेहरा. चेहरा चार सेकंद राहायचा. मग त्याचे डोळे दुसऱ्याचे व्हायचे, मग नाक, मग ओठ, आणि पहिला माणूस कुठे गेला ते कळायचंही नाही. दाराशी कॅमेरा होता. तो येणाऱ्याचाही चेहरा टिपायचा आणि त्या गर्दीत सोडून द्यायचा. माझा चेहरा एका नवरीच्या चेहऱ्यात विरताना मी पाहिला. मला ते मुळीच आवडलं नाही.

आणि वरून एका बाईचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज, थोड्या थोड्या वेळाने, “पुढे चला.”

अभिनंदनच्या या मांडणीला इन्स्टॉलेशन म्हणतात. दारावर नाव लिहिलं होतं, ‘कुणीच नाही’. त्याखाली बारीक अक्षरांत, माणसाची ओळख हा भास कसा आहे आणि तो भास गळून पडला की माणसं एकमेकांना कशी भेटतात, वगैरे. पुण्यामुंबईच्या पेपरांत रकानेच्या रकाने छापून आले होते. मी वाचले. निम्मे समजले.

पण चेहरे मला पेपर न वाचताही समजत होते. ते सगळे आमच्या गल्लीचे होते.

दस्तगीर पटवेगार मास्तरांचा स्टुडिओ आणि माझं फ्रेमचं दुकान, मध्ये एक भिंत. चाळीस वर्षं त्यांनी काढलेले फोटो मी चौकटीत बसवले. मास्तर निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचे. दुसरे फोटोवाले गिऱ्हाइकाला विचारायचे, काय काढू? देवीचे व्रण काढू, सुरकुत्या काढू, तीळ काढू? मास्तर विचारायचे, “काय ठेवू?” उत्तर पाकिटावर लिहायचे. पाकिटावर लिहिल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही, हा त्यांचा नियम.

दुसरं काम जोड फोटोचं. माणूस गेला की घरच्यांच्या लक्षात यायचं, अरे, धड फोटोच नाही. मग रडत यायचे. हातात काय असायचं? शाळेच्या ग्रुपातला वाटाण्याएवढा चेहरा, नाहीतर ओळखपत्रावरचा शिक्का बसलेला तुकडा. मास्तर स्टुडिओतला काळा कोट कुणाच्या तरी अंगात चढवून त्याला खुर्चीत बसवायचे, फोटो काढायचे, आणि त्या धडावर गेलेल्याचं तोंड बसवायचे. सांधा शोधून सापडायचा नाही. कोट कोणाच्या अंगात होता, ते मास्तर सांगायचे नाहीत. आपणही विचारायचं नाही, असा आमच्या गल्लीचा रिवाज.

रंगीत फोटो आले आणि पेन्सिलीचं काम कुणी विचारीना. तेव्हा एकटा अभिनंदन शिकायला आला. कारखान्यात कामाला असलेल्या आदगोंडा मगदूमचा मुलगा. बाप लवकर गेलेला, आईने वाढवलेला. सहा वर्षं मास्तरांच्या शेजारी बसला. हात असा, की मास्तर मला म्हणायचे, बापू, हा माझ्या पुढं जाणार. पुढे मास्तरांना बारीक दिसेना, स्टुडिओ बंद झाला, तेव्हा निगेटिव्हचे अठरा पत्र्याचे डबे त्यांनी याच्या स्वाधीन केले. एकच शब्द बोलले, “सांभाळ.”

त्याने हे असे सांभाळले.

तेवढ्यात मधल्या ओळीतून अनसूयाक्का लोहार आल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, हातात पिशवी. गेले अकरा दिवस रोज येत होत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमच्या रंजीचा चेहरा गोदामात दिसतो. रंजी म्हणजे त्यांची लेक. नऊ वर्षांची असताना तापात गेली. तिचा एकुलता एक फोटो पुराच्या पाण्यात भिंतीसकट गेला. त्यानंतर त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं ते इथे, या पडद्यावर. सातव्या ओळीत, वीस मिनिटांतून एकदा, चार सेकंद.

बसायची सोय नव्हती. थांबायची परवानगी नव्हती. त्या आत यायच्या, पुढे ढकलल्या जायच्या, मागच्या दाराने बाहेर पडायच्या आणि पुन्हा पुढच्या दाराला येऊन उभ्या राहायच्या. अकरा दिवस. शेवटी काल त्या मास्तरांच्या घरी गेल्या, म्हणून आज आम्ही इथे होतो. संध्याकाळी पडदे उतरणार होते. सगळं खोक्यांत भरून परदेशी जाणार होतं.

“सायब,” अनसूयाक्का म्हणाल्या, “जरा थांबवा की. यकदा नीट बघून घेते आन जाते.”

अभिनंदनने हात जोडले. ते हात जोडणं मला मारण्यापेक्षा वाईट वाटलं.

“आजी, तुम्हाला आधीच सांगितलंय. ती आता तुमची मुलगी नाही. तो एक चेहरा आहे. तो सगळ्यांचा आहे, आणि कुणाचाच नाही.”

“कुणाचाच न्हाई?” अनसूयाक्कांनी पिशवी खाली ठेवली. “भात्याची ठिणगी तिच्या भुवईवर उडली, तवा तिला काखेत मारून दवाखान्यात मी पळाले. तवा तू कुठं हुतास रं? कुणाचाच न्हाई म्हनं! नऊ म्हयने तू पोटात ठिवलीस काय तिला?”

“आजी...”

“आजी म्हनू नगंस मला. तुझ्या हिशेबानं मीबी कुनाची न्हाई.”

वरून आवाज आला, “पुढे चला.”

मास्तरांनी हात वर केला. “आली.”

सातव्या ओळीतल्या पडद्यावर रंजी आली. दोन वेण्या, गॅदरिंगच्या फितींची फुलं, आणि उजव्या भुवईवर तो डाग. मास्तर पुढे झाले आणि डावा हात पडद्याजवळ नेऊन, न टेकवता, त्या डागाकडे बोट केलं. कागद कापायच्या यंत्रात सापडून त्यांची डावी करंगळी आतल्या बाजूला आडवी झालेली आहे, ती उजेडात दिसली.

“ह्यो डाग मी काढणार हुतो,” ते म्हणाले. “आक्का म्हणाल्या, ठेवा. तिचा हाय.”

अनसूयाक्का बघत होत्या. पापणीसुद्धा हलली नाही.

मग रंजीचे डोळे कुणा फेटेवाल्याचे झाले. भुवई गेली.

अनसूयाक्कांनी पडद्याला हात लावला. पडदा हलला आणि फेटेवाला हलला.

“कापडाला हात लावू नका प्लीज,” अभिनंदन म्हणाला.

हे तो म्हणाला. मी ऐकलं.

मास्तर त्याच्याकडे वळले. “तिला एक फोटो छापून दे.”

“नाही देता येणार.”

“का? डबा हाय, निगेटिव्ह हाय.”

“प्रश्न निगेटिव्हचा नाही. छापून दिला की तो चेहरा पुन्हा एकाचा झाला. मग हे सगळं...” त्याने अंधाराकडे हात फिरवला, “हे सगळं खोटं ठरतं. आज यांना दिला तर उद्या सगळी गल्ली दारात उभी राहील. मग मी काय, स्टुडिओ उघडू पुन्हा?”

“स्टुडिओ वाईट हुता?”

“तसं नाही म्हणालो मी.”

“तसंच म्हणालास.”

पडद्यांवर माणसं येत होती, जात होती. त्यांत माझी वारलेली चुलती दिसली. मी तिच्याकडे पाहीपर्यंत ती तहसीलदारासारखी दिसायला लागली.

अभिनंदनने आवाज खाली आणला. समजूत घालायचा आवाज. तो मुलाखतीत बोलतो तसा.

“मास्तर, तुम्ही उद्घाटनाला आला नाहीत. आला असतात तर बघितलं असतं. लोक रडतात इथे. आपला चेहरा दुसऱ्यात मिसळताना बघतात आणि शेजारी उभ्या असलेल्या परक्या माणसाचा हात धरतात. ओळखदेख नसताना. परक्याला परका हात देतो, हे कमी आहे का?”

“ह्यांचा कुणी धरला?”

“काय?”

“अकरा दिवस येत्यात. आक्कांचा हात कुणी धरला?”

अभिनंदनचा चेहरा लाल झाला. आता खरं बोलेल असं मला वाटलं, आणि तो बोललाच.

“तुम्ही मला हे ऐकवायचं? तुम्ही? आयुष्यभर खोटे फोटो केलेत तुम्ही! मेलेल्या माणसांची मुंडकी परक्याच्या धडावर बसवलीत. बायका त्याला हार घालत बसल्या. फसवणूक नव्हती ती? मी निदान सरळ सांगतो, हा भास आहे. तुम्ही भास विकलात आणि खरा आहे म्हणून सांगितलंत.”

मी पुढे झालो. मास्तरांनी मला मागे न बघता हातानेच थांबवलं.

“बोलू दे त्याला, बापू.”

“झालं माझं बोलून,” अभिनंदन म्हणाला.

मास्तर चालू लागले. पडदे बाजूला सारत, सरळ, गोदामाच्या पार टोकाला. तिथे एक लहान खोली केली होती. पूर्वी तिथे हळदीची पोती मोजायचा तराजू असायचा. आम्ही त्यांच्या मागे गेलो. अनसूयाक्का बाहेर सातव्या ओळीतच राहिल्या. त्या पुढच्या वीस मिनिटांची वाट बघत होत्या.

खोलीत एकच फोटो होता. साधा, काळापांढरा, काचेमागचा. सागवानी चौकट. चौकट माझ्या हातची, मी लगेच ओळखली. काळा कोट घातलेला एक माणूस खुर्चीत बसलाय, मांडीवर तीनेक महिन्यांचं बाळ, आणि बाळ कलंडू नये म्हणून माणसाचा डावा पंजा त्याच्या छातीवर. खाली ओळ लिहिली होती, ‘माझ्या वडिलांचा हात. हे एकच खरं.’

मास्तर फोटोसमोर उभे राहिले.

चार सेकंद झाले. दहा झाले. मिनिट झालं...

“ह्यो का थांबलाय?” मास्तरांनी विचारलं.

अभिनंदन म्हणाला, “तो वेगळा आहे.”

“का?”

“सगळं वाहत असताना एक बिंदू स्थिर लागतो. त्याशिवाय वाहणं कळत नाही. तो या मांडणीचा...”

“अभी. सरळ बोल.”

“तो माझा आहे.” तो जवळजवळ ओरडला. “माझे वडील आहेत ते! मला त्यांचं काही आठवत नाही. त्यांचा आवाज आठवत नाही, वास आठवत नाही. त्यांनी मला धरलं होतं, एवढाच एक पुरावा आहे माझ्याजवळ. मी लहानपणी या काचेला छाती लावून झोपायचो. हा कसा वाहू देऊ मी?”

मास्तरांच्या मानेची शीर थडथडताना मला दिसत होती. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं रागावलेलं पाहिलं नव्हतं, आणि एवढं दुःखीही.

“बाहेर ती बाई उभी हाय,” ते हळू म्हणाले. “तिलाबी तेवढाच एक हाय.”

“दोन्ही सारखं नाही, मास्तर.”

“न्हाई?”

“नाही.”

मास्तरांनी सदऱ्याची डावी बाही वर सारली. पुढे झाले आणि आपला पंजा काचेवर ठेवला. फोटोतल्या हाताच्या अगदी शेजारी.

दोन पंजे. एक म्हातारा, डागाळलेला. एक तरणा. आणि दोन्हींची करंगळी आतल्या बाजूला आडवी.

मी ती चौकट केली होती. काच मी पुसली होती, चारही कोपऱ्यांना खिळे मी ठोकले होते. मला कधी दिसलं नाही. आणि या पोराने सहा वर्षं त्या हाताशेजारी बसून पेन्सिल चालवली, त्यालाही दिसलं नव्हतं. चेहऱ्यांवर एवढं बोलतो हा!

अभिनंदनने आधी काचेकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग माझ्याकडे.

“बापूकाका?”

“मला ठाऊक नव्हतं रे,” मी म्हणालो. “देवाशपथ.”

“म्हणजे वडील...”

“तू जन्मलास त्याच्या आधी दोन म्हयने आदगोंडा गेला,” मास्तर म्हणाले. “तोंड कारखान्याच्या ओळखपत्रावरचं हाय. तू तीन म्हयन्यांचा हुतास. कोटावर दूध ओकलास.”

अभिनंदन भिंतीला टेकला. मग बोलला ते भलतंच कडवट.

“मग आईने... आईने मला आयुष्यभर खोटं सांगितलं. तुम्हीही. दोघांनी मिळून.”

“सांगायचं न्हाई असा शब्द दिला हुता तिला. आज मोडला.”

“आजच का?”

मास्तर फोटोकडेच बघत होते.

“तुझ्या आईलाबी मी इचारलं हुतं. काय ठेवू?”

“...काय म्हणाली?”

“मी म्हणालो, ताई, करंगळी सरळ करून देतो. तुमच्या मालकांची अशी नव्हती. कुणीतरी ओळखंल. पेन्सिल हातात घेतली हुती मी.” मास्तर थांबले. “ती म्हणाली, नको. असू द्या तशीच. पोराला धरलंय त्याच हातानं.”

अभिनंदन खाली बसला. फरशीवर, मांडी घालून, मास्तरांच्या स्टुडिओत बसायचा तसा. त्याचे खांदे हलायला लागले. एवढा राग मनात असूनही माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना. मी मान फिरवली. खोलीच्या दारातून बाहेरचे पडदे दिसत होते, आणि त्यांत एक म्हातारी बाई, पिशवी पोटाशी धरून.

मास्तर गुडघ्यावर हात टेकत त्याच्यासमोर बसले. मग त्यांनी डावा पंजा त्याच्या छातीवर ठेवला. फोटोत ठेवलाय तसाच. बरोबर त्याच जागी.

अभिनंदनने डोळे मिटले. त्याचा श्वास हळूहळू खाली आला. चाळिशी ओलांडलेला तो माणूस, पेपरांत फोटो छापून येणारा, त्या हाताला असा टेकला की हात काढला तर पडेल.

मास्तरांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

मग त्यांनी हात काढून घेतला.

अभिनंदनने डोळे उघडले. दोन्ही हात पुढे करून तो हात धरायला गेला. त्याची पुण्याची भाषा कुठच्या कुठे गेली होती.

“मास्तर... थांबा की जरा.”

मास्तर उठून उभे राहिले. बाही खाली ओढली, बटण लावलं.

“चार झाले,” ते म्हणाले. “पुढे चला.”